मेणाचा हात

बोळिंज,
२ फेब्रुवारी १९९९

रोझलिन,

अक्षर ओळखलं असशील. तरी पाकीट उघडलंस, म्हणजे अर्धं काम झालं. आता फाडायचंच असेल तर वाचून झाल्यावर फाड, बिचारं मस्कतपर्यंत आलंय.

पत्ता मटिल्डामावशीने दिला. हो, पापडीला तुमच्या घरी गेले होते. तुमच्या घरच्यांनी बावखल बुजवलं तेव्हापासून त्या आळीत पाऊल टाकलं नव्हतं. तुझा भाऊ फर्डिनंड ओट्यावर होता. मला बघितल्यावर उठून आत गेला आणि आईला बाहेर पाठवलं. बावखलाच्या ज्या तळ्यात आपण दोघी पोहायला शिकलो, तिथे आता चार मजली इमारत आहे आणि तिचं नाव 'लेक व्ह्यू' ठेवलंय. हसावं की रडावं ते कळेना. बावखलावरून झालेल्या भांडणात तू मला काय बोललीस आणि मी तुला काय बोलले ते दोघींना तोंडपाठ आहे, पुन्हा लिहीत नाही.

मी लिहितेय ते वेगळ्याच कारणाने. दिवाळीनंतर एकदा अंघोळ करताना उजव्या छातीत हाताला काहीतरी लागलं. आधी वाटलं, साबणाचा भास. मग बरेच दिवस कोणाला बोलले नाही. शेवटी ह्यांना सांगितलं, तर हे दुसऱ्याच दिवशी मला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. तिथल्या बाईंनी 'स्तन' हा शब्द इतक्या सहज उच्चारला, जसं आपण 'वांगं' म्हणतो. मशीनच्या दोन पाट्यांत दाबून फोटो काढला, सुई टोचली आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं. तो आठवडा कसा गेला ते विचारू नकोस. निकाल आला, काही नाही. गाठ अशी नाहीच म्हणे, या वयात कोणाकोणाचं मांसच असं गाठाळ होतं.

येताना ह्यांनी पेढे घेतले आणि अख्ख्या आळीत वाटले. कशाचे ते सांगायची लाज, म्हणून 'असेच' म्हणाले. आता सगळ्यांना वाटतंय आमच्या ऋतिकाचं लग्न ठरलं. पोरगी दहावीला आहे!

मीही पेढा खाल्ला. दुसऱ्या दिवशी अंघोळीला बसले आणि हात पुन्हा तिथेच गेला. रोझे, जे होतं ते तिथेच होतं. कागद म्हणतो काही नाही, हात म्हणतो आहे. आता कोणाचं खरं मानू?

फोटोची ती काळी फिल्म मी मागून आणली होती. अंगणात जाऊन उन्हासमोर धरली. आत बारीक पांढऱ्या रेघा होत्या, विड्याचं पान उन्हात धरलं की शिरा दिसतात तशा, सगळ्या एकाच टोकाकडे निघालेल्या. त्या दुधाच्या वाटा, असं तिथल्या बाईंनी सांगितलं होतं. आमची ऋतिका त्याच वाटांवरून आलेलं दूध प्यायली. चव्वेचाळीस वर्षांची झाले, इतकी वर्षं हे चोळीत बांधलं, पदराखाली झाकलं, आणि आत असं काही आहे हे मला ठाऊकच नाही! मी बघतच राहिले. घाबरायचंसुद्धा विसरले. मी ग्रहण बघतेय असं वाटून सासूबाई मागून म्हणाल्या, "काय गं, आज गिराण हाय का?"

तेव्हा तू आठवलीस. आपण सातवीत होतो. बावखलाच्या पायरीवर धुणं धुताना तू हळूच म्हणालीस, "यमे, मला कायतरी झालंय." एकाच बाजूला, बोंडाखाली, सुपारीसारखं कडक, आणि दाबलं की कळ. दुसऱ्या बाजूला काहीच नाही, म्हणजे नक्की रोग. मी हात लावून बघितलं आणि माझीही खात्री पटली की तू मरणार. थोड्या दिवसांनी मलाही तेच झालं. मग दोघींनी जोडीने मरायची तयारी केली.

आणि सणाचा दिवस आठवतो? मारियेच्या सणाला चर्चबाहेर मेणवाल्या बसतात. ज्याचं जे दुखतं ते मेणाचं घ्यायचं आणि आत नेऊन वाहायचं. पाय होते, डोळे होते, बाळं होती, घरंसुद्धा होती. आपल्याला हवं ते काही मांडलेलं नव्हतं, आणि मागायची हिंमत दोघींची मिळूनही होत नव्हती. मेणवालीने विचारलं, "काय दुकतंय गो पोरींनो?" तू म्हणालीस, "हात." आपण एक मेणाचा हात घेतला आणि वाहिला. घरी येताना तू रडायला लागलीस, की मारिया आता हातच बरा करणार आणि बाकीचं तसंच राहणार. शेवटी मटिल्डामावशीला कळलं. ती इतकी हसली की तिच्या हातातलं लुगडं पाण्यात गेलं. "आगे, बाया व्हताय तुम्ही," म्हणाली.

परवा तिला हे नवीन सांगितलं. यावेळी ती हसली नाही. म्हणाली, "रोझलिनला लिव. ती बी तुज्याच वयाची हाय."

म्हणून लिहिलं.

यमुना


बोळिंज,
१९ मार्च

रोझलिन,

तुझं उत्तर नाही. बरं, नाही तर नाही. मला लिहायला तुझ्या उत्तराची गरज नाही. तू समोर असायचीस तेव्हाही मीच बोलायचे.

मागच्या पत्रात मी फार धीराची वाटले असेन. तसं काही नाही गं. माझा हात माझ्या ताब्यात राहिलेला नाही. विहिरीवर, देवापुढे बसल्यावर, एसटीत पदराखालून, जिथे असेन तिथे तो जातो आणि चाचपून येतो. कधी वाटतं लहान झालं, कधी वाटतं सरकलं. एकदा वाटलं, दोन झाली. मग डोक्यात आलं, इस्पितळात माझ्यासारख्या किती यमुना येत असतील. कुठल्या तरी दुसऱ्या यमुनेचा चांगला निकाल मला दिला आणि माझा तिला दिला, असं झालं असेल तर? त्या बाईची मला इतकी दया यायला लागली की तिच्यासाठी मी सोमवार धरला. स्वतःसाठी धरायचं सुचलं नाही, ह्यावरून माझ्या डोक्याची अवस्था ओळख.

आता दुखायलाही लागलंय. आधी दुखत नव्हतं. त्वचेवर निळसर डागही दिसतो. हे ह्यांना सांगितलेलं नाही. काय सांगणार? पेढे वाटून झालेत. परवा नुसतं विचारलं, "त्या डॉक्टरांचं चुकत असेल का हो?" हे चिडले असते तर मी भांडून मोकळी झाले असते. पण ह्यांनी उठून माझ्यासाठी चहा करून आणला. बिनसाखरेचा. मी तो गोड असल्यासारखा प्यायले.

सुकेळ्यांचे दिवस आहेत. मटिल्डामावशीने शिकवलं तशीच अजून करते. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर उन्हात घालायची, रोज परतायची आणि संध्याकाळी गुंडाळून आत घ्यायची. केळं चिमटीत धरलं की आत कुठे कच्चं आहे, कुठे बसलंय, ते मला बघावंही लागत नाही. अख्ख्या बोळिंजमध्ये माझ्या बोटांचं नाव आहे. मग ही बोटं माझ्याच बाबतीत खोटं का सांगतील? सांग ना.

काल एका मांडवावरची सगळी केळी आत घ्यायची राहिली आणि दवाने खराब झाली. आजवर असं कधी झालं नव्हतं. ऋतिका म्हणाली, "आई, तू सारखी छाती का धरतेस?" मी म्हटलं, पित्त.

ती पित्ताची गोळी घेऊन आली आणि मी ती तिच्यासमोर गिळली.

यमुना


बोळिंज,
११ मे

रोझे,

ऐक, आज सांगायला खूप आहे.

डाग गेला नाही तेव्हा शेवटी विरारला स्टेशनजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, एकटीच. चांगला निकाल हातात असताना पुन्हा डॉक्टरकडे जायची लाज वाटत होती. वाटलं, हाकलतील. त्यांनी कागद वाचले, फिल्म दिव्यावर लावून बघितली आणि म्हणाल्या, "तुम्ही स्वतः कसं बघता ते दाखवा बघू."

मी दाखवलं. अंगठा आणि दोन बोटं, चिमटीत धरून दाबायचं.

त्या बघतच राहिल्या. "तुम्ही काम काय करता?"

म्हटलं, "वाडी आहे. केळी असतात, सुकेळी करतो."

"वाटलंच मला! अहो यमुनाताई, असं चिमटीत धरलंत तर माझ्याही छातीत तुम्हाला गाठ सापडेल. चिमटीत मांस गोळा होतं आणि तेच गाठीसारखं लागतं. वर रोज दाबून दाबून सुजवून ठेवलंय. हा डाग तुमच्याच बोटांचा आहे."

रोझे, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं मला. बोळिंजमधली सगळ्यात हुशार बोटं!

तरी त्यांनी नुसत्या बोलण्यावर सोडलं नाही. स्वतः तपासलं, सोनोग्राफी पुन्हा करून घेतली. काही नाही. मग माझा हात हातात घेतला. "भाकरी थापता ना? मग तशी बोटं ठेवा, सपाट. न उचलता गोल गोल फिरवत काखेपर्यंत जायचं. महिन्यातून एकदा, पाळी संपली की. बाकीचे दिवस हे हात केळ्यांना द्या. नवीन काही लागलं, खळगा पडला, बोंडातून काही आलं, तर मात्र एक दिवस थांबायचं नाही, सरळ इकडे यायचं."

मी विचारलं, "आणि भीती? ती कधी जाईल?"

त्या म्हणाल्या, "लगेच नाही जायची. चांगला निकाल घेऊन घरी गेलेल्या कितीतरी बायका पुढे महिनोन्महिने घाबरून असतात. सांगत नाहीत, म्हणून प्रत्येकीला वाटतं आपण एकटीच वेडी. तुम्ही आलात ते बरं केलंत."

येताना रिक्षात मी मोठ्याने हसले. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं.

पाळी संपल्यावर एका दुपारी दार लावलं आणि आडवी झाले. हात डोक्याखाली घेतला आणि भाकरीची बोटं ठेवली. मनाची तयारी फक्त गाठ शोधायची होती. पण सपाट हाताला काय काय लागतं, तुला काय सांगू! आधी बरगड्या लागल्या, एकीखाली एक, पायऱ्या उतरल्यासारख्या. मग मऊ भाग, मग बाहेरच्या बाजूला रवाळ. ज्याला मी सहा महिने मरण समजत होते, ते त्याच रव्यातलं एक जाडसर ठिकाण होतं. आणि डावीकडे गेले तर तळव्याखाली धडधड लागली. काळीजच ते. एवढ्या जवळ, हाताच्या अंतरावर! मी झोपले तरी ते चालू होतं, ऋतिकाच्या वेळेला मी ओरडत होते तेव्हा चालू होतं, तुझ्याशी भांडले तेव्हाही चालूच होतं. मी त्याला कधी विचारलं नाही आणि त्याने कधी खाडा केला नाही. मला रडू आलं, पण भीतीने नव्हे. देवळात गाभाऱ्याशी उभं राहिल्यावर बोलायचं सुचत नाही, तसं झालं होतं.

मग लक्षात आलं की ते एकसारखं राहतच नाही. पाळीच्या आधी भरून येतं, जड होतं, दुखतं, आणि नंतर पुन्हा ओसरतं. आपल्या खाडीला भरती-ओहोटी, तशी. मी भरतीच्या दिवशी चाचपून म्हणत होते वाढलं, ओहोटीच्या दिवशी म्हणत होते लहान झालं! चोळीच्या आत इतकी वर्षं एवढी ये-जा चाललेली आणि घरमालकिणीला पत्ता नाही.

भीती गेली असं नाही. आहे. कधी कधी हात अजून उठतो. तेव्हा मी त्याला म्हणते, वेळ झाली की बोलावीन. बहुतेक वेळा ऐकतो.

डब्यातून सुकेळी पाठवतेय. तुमच्या आळीतल्या बेटीचा नवरा मस्कतला कामाला परत निघालाय, तो आणून देईल. उत्तर देऊ नकोस हवं तर. खा मात्र.

आणि रोझे, तुझी पाळी संपली की तूही एकदा आडवी हो. भाकरीची बोटं, हं. तूही सुकेळीवालीच आहेस.

यमू


बोळिंज,
२३ जुलै

रोझे,

तुझं पत्र आलं. पाच वर्षांनी अक्षर बघितलं, अजूनही 'य' काढताना शेपूट लांबवतेस. चारच ओळी: सुकेळी पोचली, चव आईच्या हातची आहे. बावखल बुजवायला नको होतं, पण ते मला लांबून कळलंच नाही. तू सांगितलंस तसं बघितलं, डाव्या बाजूला काहीतरी आहे. आईला सांगू नकोस.

मी पत्र घेऊन केळींत जाऊन बसले. सगळी भीती परत आली, जशीच्या तशी. फक्त यावेळी माझा हात माझ्याकडे गेला नाही. तुझ्याकडे यायला धडपडत होता, आणि मधे हा एवढा समुद्र.

आता मी सांगते तसं कर. सुट्टी मिळाल्यावर वसईला येऊन दाखवीन, हे डोक्यातून काढून टाक. तिथेच, याच आठवड्यात डॉक्टरला दाखव. घाबरत जा, पण जा. 'माझी मैत्रीण वेडी होती, तिचं काही निघालं नाही, माझंही नसेल' असला हिशेब करायचा नाही. माझं नव्हतं ते माझं. तुझं काय आहे ते तुझ्या डॉक्टरलाच कळेल. नसलं तर उत्तम. असलं तर आज कळलेलं बरं.

मशीनमध्ये दाबतात तेव्हा फार वेळ लागत नाही. सुई टोचतात तेव्हा छताकडे बघ. निकालाची वाट बघायचे दिवस सगळ्यात वाईट, तेव्हा मला लिही, रोज लिही, वेडंवाकडं लिही.

आईला सांगत नाही. पण दर रविवारी तिच्याकडे जाऊन बसते. मागच्या रविवारी फर्डिनंडने मला खुर्ची आणून दिली. आधी पुसली, मग दिली.

आणि बावखलाचं म्हणशील तर, तू पाण्यासाठी रडली नाहीस म्हणून मला राग होता. आता कळतंय, तुझ्यापर्यंत ते रडं पोचवणारं कोणी नव्हतं. राग गेला.

तुझी,
यमू


बोळिंज,
९ सप्टेंबर

रोझे,

तुझं परवाचं पत्र मिळालं. फोटो झाला, सुई झाली, निकाल पुढच्या आठवड्यात. सुई टोचताना छताकडे बघितलंस आणि तिथे पंखा फिरत होता, हे वाचून मला इतकं हायसं का वाटलं ते सांगता येत नाही.

काल मारियेचा सण होता. मटिल्डामावशीला चर्चमध्ये मिस्सेला घेऊन गेले. फर्डिनंडने रिक्षा आणली आणि पुढे बसला. चर्चबाहेर मेणवाल्या होत्या, त्याच रांगेत. मावशीला आत बाकावर बसवलं आणि मी बाहेर आले. एका म्हातारीपुढे जाऊन उभी राहिले. पाय, हात, डोळे, बाळं, घरं, सगळं तसंच मांडलेलं. आता तर गाड्याही आल्यात आणि एक विमान होतं, तुमच्या गल्फवाल्यांसाठी.

खरं सांगू? चव्वेचाळीस वर्षांची बाई, एका मुलीची आई, दोन वेळा मशीनवर चढलेली, आणि तरी माझी जीभ टाळ्याला चिकटली. आजूबाजूला माणसं होती. म्हातारीने विचारलं, "काय दुकतंय गो बाय?"

'हात' असं अगदी ओठांवर आलं होतं.

मग तू त्या पंख्याकडे बघत पडलेली दिसलीस. मी मोठ्याने म्हटलं, "छाती. छातीचं मेण आहे का?"

बाजूची दोन माणसं वळली. म्हातारीने मांडीखालची टोपली पुढे ओढली आणि वरचं फडकं बाजूला केलं.

रोझे, टोपली भरलेली होती. पिवळ्या मेणाचे, एकाला एक लागून, लहान-मोठे, तळापर्यंत. मी बघतच राहिले. म्हातारी म्हणाली, "वर नाय मांडीत, बायांना लाज वाटते. पन सगल्यात जास्त हेच खपतं. माज्या आयच्या वक्तापासून."

म्हणजे आपण दोघी फ्रॉक घालून हाताला हात धरून उभ्या होतो, तेव्हाही ती टोपली तिथेच होती. आपल्या आधी कितीजणी आल्या असतील, अर्नाळ्याच्या, नायगावच्या, पापडीच्या, माझ्यासारख्या कुंकवाच्या आणि तुझ्यासारख्या क्रुसाच्या. त्यांतल्या कोणाचं काही नसेल आणि कोणाचं असेल. सगळ्या त्याच उन्हात उभ्या राहिल्या आणि फडक्याखालून घेऊन गेल्या, आणि एकीने दुसरीला सांगितलं नाही. इतके महिने मी एकटी घाबरत होते, आणि एकटी मी कधीच नव्हते.

मी दोन घेतले. माझा मारियेपुढे ठेवला आणि म्हटलं, तेव्हा हात दिला होता तो चुकून, तरी तू बरोबर समजून घेतलंस.

तुझा माझ्याकडे आहे, देवघरात, फडक्यात न गुंडाळता. सासूबाईंनी विचारलं, हे काय? मी सांगितलं. मग त्यांनी त्याच्यापुढे मोगऱ्याचं फूल ठेवलं आणि म्हणाल्या, "मला बी व्हतं. कोनाला बोलले नाय."

निकाल काहीही येऊ दे, मला आधी कळव. आणि ये. तुझा तुझ्याच हाताने वाहायचा आहे.

तुझी,
यमी